जपलेल्या गाडीचे मोल

वस्तू जपायची कशी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. आजीची पैठणी मलमलीच्या कापडात गुंडाळलेली असते, आजोबांचे घड्याळ दर रविवारी किल्ली देऊन चालू ठेवले जाते, आणि दिवाणखान्यातल्या शिसवी कपाटाला वर्षातून एकदा पॉलिश होते. पण इतकी जपलेली वस्तू एक दिवस हातावेगळी करायची वेळ आली, म्हणजे भलेभले गांगरतात. कुणाला द्यायची, किती घ्यायचे, आणि घेणारा ती नीट वापरील ना, हे तीन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. अमेरिकेतल्या अनेक घरांत हाच प्रश्न साडेपाच मीटर लांबीचा होऊन गॅरेजात उभा आहे. तिथल्या जुन्या, मोठ्या मोटारींविषयी आज बोलायचे आहे. त्या आता इंटरनेटवरच्या लिलावात विकल्या जातात, आणि त्या लिलावातून जे शिकायला मिळते ते केवळ मोटारींपुरते नाही.

आधी ही मोठी गाडी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत मोटारींची वर्गवारी आकारावरून होते, आणि त्यातला सर्वांत वरचा वर्ग ‘फुल साइज’. पुढे सलग बाक, मागे सलग बाक, म्हणजे सहा माणसे ऐसपैस बसणार. बॉनेटखाली आठ सिलिंडरचे इंजिन. आणि डिकी एवढी की चार माणसांचे प्रवासाचे सामान सहज मावावे. आपली मारुती ८०० सव्वातीन मीटरांच्या आसपास होती, यावरून साडेपाच मीटरांचा अंदाज यावा. मुंबईला या गाड्या अगदीच परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या. पुढे आयातीवर बंधने आली, आणि इम्पाला हे नाव आपल्याकडे श्रीमंतीचा दुसरा शब्द होऊन बसले.

गंमत अशी, की खुद्द अमेरिकेत इम्पाला ही श्रीमंतांची गाडी कधीच नव्हती. ती शाळामास्तरांची, विमा एजंटांची, कारखान्यातल्या फोरमनची गाडी होती. १९६५ या एका वर्षात शेवरोलेने दहा लाखांहून अधिक इम्पाला विकल्या. पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद आणि घरात मुले तीन-चार, अशा त्या संसाराचे ते वाहन होते. मग १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि पंपांवर रांगा लागल्या. जनरल मोटर्सने १९७७ साली आपल्या मोठ्या गाड्या वीतभर आखूड आणि काही शे किलोंनी हलक्या केल्या. तरीही ग्राहक हळूहळू दुसरीकडे वळत गेला. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात ब्युइक रोडमास्टर आणि शेवरोले कॅप्रिस या गाड्या होत असत; १९९६ च्या अखेरीस तिथे त्यांची जागा उंच, ट्रकवजा गाड्यांनी घेतली. फोर्डची क्राऊन व्हिक्टोरिया आणि लिंकन टाउन कार २०११ साली बंद झाल्या, आणि इम्पाला हे नाव २०२० साली कारखान्यातून बाहेर पडले.

म्हणजे ज्या घरात यातली एखादी गाडी नीट राहिली आहे, तिथे एका संपलेल्या काळाचा नमुना राहिला आहे. तो जपणारा माणूस बहुधा सत्तरी-ऐंशीतला असतो. मुले दूरच्या शहरात, तीही फ्लॅटमध्ये. त्यांना पार्किंगची एक जागा मिळते, आणि तीत ही गाडी मावत नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाई लोकांना उघडली, त्यानंतर तिकडे गेलेले मराठी डॉक्टर आणि इंजिनियरही आज याच वयाचे आहेत, आणि घर लहान करण्याची वेळ त्यांच्यावरही आली आहे. ‘हिचे काय करायचे?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर निघतो आणि विषय बदलून मिटवला जातो.

पूर्वी अशा गाडीला वाटा तीनच. एक, गावातला जुन्या गाड्यांचा व्यापारी. तो गाडीभोवती एक फेरी मारून, तोंड वाकडे करून, निम्मा भाव सांगणार. दुसरी, वर्तमानपत्रातली तीन ओळींची छोटी जाहिरात. ती वाचणारे लोक पंचवीस-तीस मैलांतले, आणि त्यांच्यात नेमकी हीच गाडी हवी असलेला माणूस निघणे म्हणजे योगायोगच. तिसरी वाट म्हणजे पुतण्याला देऊन टाकणे. या तिन्ही वाटांत एक गोष्ट समान होती : गाडीची खरी किंमत मालकाला कधीच कळत नसे. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून व्यवहार ठरतो, तशातलाच तो प्रकार. दोघांचे काय ठरले ते तिसऱ्याला कळत नाही, आणि बैल नेमका कितीचा होता हे तर कुणालाच कळत नाही.

इंटरनेटच्या लिलावाने हा रुमाल उचलला. सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार या तरुणाने कॅलिफोर्नियात लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ‘ईबे’ झाले. तिथे विकल्या गेलेल्या पहिल्या वस्तूची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो एक मोडका लेझर पॉइंटर होता, मोडका असे सांगूनच विकायला ठेवलेला, आणि तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. मोडका आहे हे कळले ना, असे ओमिद्यारांनी घेणाऱ्याला विचारले, तर तो मोडके पॉइंटरच जमवणारा निघाला! या गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला असा, की बाजार पुरेसा मोठा असेल तर कुठल्याही वस्तूला तिचा माणूस सापडतो. दुसरा धडा लोक विसरतात : वस्तूचा दोष आधी सांगितला होता, म्हणूनच तो व्यवहार सरळ पार पडला.

हौशी आणि जुन्या मोटारींसाठी पुढे वेगळे लिलाव सुरू झाले. ‘ब्रिंग अ ट्रेलर’ हे त्यांतले ठळक नाव. २००७ साली ते सुरू झाले तेव्हा इतरांच्या चांगल्या जाहिराती वेचून दाखवण्यापुरतेच त्याचे काम होते. स्वतःचे लिलाव त्याने २०१४ पासून घेतले, आणि २०२० साली हर्स्ट या मोठ्या प्रकाशन कंपनीने ते विकत घेतले. पद्धत साधी आहे. गाडीची माहिती आणि छायाचित्रे प्रसिद्ध होतात, साधारण सात दिवस बोली चालते, आणि त्या काळात कुणीही मालकाला जाहीरपणे प्रश्न विचारू शकतो. शेवटच्या दोन मिनिटांत नवी बोली आली, की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर येते. आपल्या लिलावातल्या ‘एक वार, दोन वार, तीन वार’चाच हा संगणकी अवतार म्हणायचा. ईबेवर असे नसते. तिथे ठरल्या क्षणाला दार बंद होते, म्हणून जाणते लोक अगदी शेवटच्या सेकंदाला बोली टाकतात. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले, की जिथे वेळ वाढवून मिळते तिथे ही शेवटच्या क्षणाची झुंबड पुष्कळच कमी असते. मालकाच्या दृष्टीने वेळ वाढणे चांगले. दोघे हौशी समोरासमोर आले, तर त्यांना मनसोक्त झुंजू द्यावे.

पण मुळात एक प्रश्न उरतोच. हजार मैलांवरचा अनोळखी माणूस, न पाहिलेल्या, न चालवलेल्या, तीस-चाळीस वर्षे जुन्या गाडीवर हजारो डॉलर लावायला तयार कसा होतो?

याचे उत्तर शोधायला अर्थशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाकडे जावे लागते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली तो प्रसिद्ध केला आणि त्यासाठी २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सावधपणे मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या टाकाऊ गाड्या. आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी बाब म्हणजे अकरलॉफ त्याआधी, १९६७-६८ मध्ये, वर्षभर दिल्लीत राहिले होते. त्या निबंधात बाजारातल्या तांदळातले खडे निवडणारी भारतीय गृहिणीही आहे. दाण्याच्या रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात, म्हणून तिला सूप घेऊन बसावे लागते. खडे मिसळणारा एक, पण निवडण्याचा त्रास सगळ्या गावाला, आणि प्रामाणिक दुकानदाराचा तांदूळही त्याच संशयाने पाहिला जातो.

जपलेल्या गाडीच्या मालकाची नेमकी हीच अडचण असते. त्याचा तांदूळ स्वच्छ आहे, पण ते सिद्ध कसे करायचे? उपाय एकच : खडे असतील तर ते आपणच निवडून ताटात वेगळे मांडायचे.

म्हणूनच चांगल्या लिलावातली छायाचित्रे पाहिली, तर नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. चकचकीत बॉनेटचे चित्र एक, तर गाडीच्या पोटाखालची चित्रे वीस. दाराच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीतला गालिचा उचलून त्याखालचा पत्रा. जिथे गंज धरतो त्या सगळ्या जागा. पत्र्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर तिथे चुंबक नीट चिकटत नाही, हे जाणत्याला ठाऊक असते. त्यामुळे लपवून उपयोग नसतो. सकाळी गार असलेले इंजिन सुरू करतानाचे चलच्चित्र हवे, कारण तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. टायरची नक्षी कोरी करकरीत असली तरी त्याच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे ‘२३०८’ दिसले की टायर २००८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे दिसायला नवा आणि भरवशाला जुना.

मैलांच्या आकड्याचे तर वेगळेच प्रकरण असते. अमेरिकेतल्या बहुतेक जुन्या गाड्यांच्या मीटरवर पाचच घरे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. मीटर ४३ हजार दाखवत असेल, तर ते ४३ हजार की एक लाख ४३ हजार, हे मीटर सांगू शकत नाही. मीटर मागे फिरवणे हा १९७२ पासून तिथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, पण कायद्याने मीटरला सहावे घर फुटत नाही. ते घर कागदांनी भरायचे असते. तेल बदलल्याच्या पावत्या, दरवर्षीच्या तपासणीचे दाखले, विम्याचे कागद. प्रत्येकावर तारीख आणि त्या दिवशीचा मैलांचा आकडा. बुटांच्या खोक्यात भरलेल्या अशा पावत्यांचे एक छायाचित्र शंभर विशेषणांपेक्षा जास्त बोलते.

याच ठिकाणी बहुतेक मालकांचा समज उलटा असतो. त्यांना वाटते, विकण्यापूर्वी गाडी नवी दिसली पाहिजे. मग जुना रंग खरवडून नवा मारतात, बैठकांची कापडे बदलतात आणि खर्च करून किंमत घालवतात. जाणत्या घेणाऱ्याला कारखान्यातला मूळ रंग हवा असतो, मग तो दोन ठिकाणी टवका गेलेला का असेना. कारण नव्या रंगाखाली काय झाकले आहे, अशी शंका त्याला येते. टवक्याबद्दल मात्र शंका घेण्यासारखे काही नसते. मूळपण एकदा गेले, की ते पैशाने परत येत नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या सागवानी खांबांना ऑइलपेंट फासणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

आता किमतीविषयी. जपणुकीचा खर्च वसूल होईल, या आशेने कुणी लिलावात उतरू नये. चाळीस वर्षांचे गॅरेज, विमा, बॅटऱ्या आणि तेल यांचा हिशेब मांडला, तर बहुतेक गाड्या तोट्यातच जातात. शिवाय बाजाराची आवड आपल्या हातात नसते. एकाच वर्षाच्या, एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत उघड्या टपाची किंवा दोन दारांची गाडी भाव खाते, आणि ज्या चार दारांच्या गाडीने सारे कुटुंब वाढवले ती सहसा मागे राहते. भावनेच्या गुंतवणुकीचे एक बोलके उदाहरण आहे. १९७६ साली कॅडिलॅकने उघड्या टपाची एल्डोराडो ही ‘अमेरिकेतली शेवटची’ म्हणून गाजवली. लोकांनी त्या गाड्या घेऊन, न चालवता, पुढच्या पिढीची ठेव म्हणून झाकून ठेवल्या. आठ वर्षांनी, १९८४ साली, कॅडिलॅकने उघड्या टपाची गाडी पुन्हा बाजारात आणली, आणि चिडलेले ग्राहक कोर्टात गेले. गाडी ही बँकेतली ठेव नव्हे, हे त्यांना महागात कळले. शिवाय न चालवलेली गाडी टिकते, हाही गैरसमजच. उभ्या गाडीत रबराची सिले वाळतात, पेट्रोल खराब होते, ब्रेक अडकतात. महिन्यातून एकदा फिरवलेली गाडी बासनात बांधलेल्या गाडीपेक्षा निरोगी असते.

मग मोल ठरते कशावर? मोठ्या प्रमाणात आठवणींवर, पण आपल्या नव्हे, दुसऱ्यांच्या! ब्युइक रोडमास्टरच्या स्टेशन वॅगनला बाजूंनी लाकडासारख्या नक्षीची पट्टी असे, आणि अगदी मागे उलट्या तोंडाचा बाक, ज्यावर बसून मुले मागून येणाऱ्या गाड्यांना हात करत. ती मुले आता पन्नाशीकडे झुकली आहेत, हातात पैसा आहे, आणि तो बाक त्यांना पुन्हा हवा आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीला तो हवा असेलच असे नाही. प्रत्येक जुन्या गाडीच्या आयुष्यात तिची आठवण असणारे आणि ती घेऊ शकणारे लोक एकच असतात, असा एक छोटा काळ येतो. तो काळ थांबत नाही.

म्हणून आम्हाला ठामपणे सांगावेसे वाटते, की अशी गाडी विकायचीच असेल, तर जपणाऱ्याने ती आपल्या हाताने, हातपाय चालत असताना विकावी. हे ऐकायला कठोर वाटेल. ‘मी असेपर्यंत राहू दे, मग काय करायचे ते करा,’ असे म्हणणे घरातल्या वडीलधाऱ्यांना सोपे जाते आणि मुलांनाही बरे वाटते. पण लिलावात लोक जे विकत घेतात, त्यात निम्मा पत्रा असतो आणि निम्मी माहिती. पाण्याचा पंप कधी बदलला, उजव्या दारावरचा टवका कसा पडला, थंडीत ती सुरू करताना कोणती युक्ती करावी लागते, हे एकाच माणसाला ठाऊक असते. तो गेला की उत्तरे जातात. मागे राहिलेली पत्नी किंवा मुलगा प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणतो, आणि प्रत्येक ‘माहीत नाही’पाशी घेणारा थबकतो. तीच गाडी, तोच रंग, तेच इंजिन. पण ती आता जपलेली गाडी राहत नाही, नुसती जुनी गाडी होते.

लिलावाला ठेवण्यापूर्वी घरात तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, राखीव किंमत ठेवायची की नाही. ठेवली तर नुकसानीची भीती नाही, पण बोलीचा उत्साह कमी होतो. न ठेवली तर गर्दी जमते, मात्र जो आकडा येईल तो मानावा लागतो. दुसरी, व्यवहाराची शिस्त. बँकेचा म्हणून हाती आलेला चेकही खोटा निघू शकतो. तेव्हा खात्रीचे पैसे आपल्या खात्यात आल्याचे बँकेकडून कळेपर्यंत किल्ली आणि मालकीचा कागद हातचा सोडू नये, आणि गाडी विकल्याची सूचना वाहन खात्याला लगेच द्यावी. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड : घरातल्या सर्वांची संमती. लिलाव लागल्यावर नातवाला रडू फुटले, तर बोली मागे घेता येत नाही.

आपल्याकडेही हा विषय फार दूर नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी मोटारी आणि दुचाकींसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अँबेसिडर २०१४ साली बंद झाली, प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला, आणि ज्या घरांत यातली एखादी गाडी अजून नीट उभी आहे तिथे अमेरिकेतल्या त्या गॅरेजातलाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे. फियाटच्या मागच्या बाकावर वाढलेली आपली पिढीही आता चाळिशी-पन्नाशीची झाली आहे.

तेव्हा एखाद्या रविवारी वडिलांना गाडीजवळ बसवावे, वही-पेन घ्यावे आणि ते सांगतील ते तारखांसकट लिहून काढावे. जुन्या पावत्या शोधून त्या वहीत लावाव्यात. गाडी विकायची की ठेवायची, हे नंतर ठरवता येईल. विकलीच, तर ती वही गाडीबरोबर नव्या मालकाच्या घरी जाईल आणि त्याला तिची काळजी कशी घ्यायची ते सांगेल. ठेवली, तर ती वही आपल्याच नातवंडांच्या उपयोगी पडेल.